धागा: भरलेली कॅरॅव्हॅन वजनमर्यादेत कशी ठेवावी? (मर्यादा १,३५० किलो, काट्यावर १,४४०)

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. मागच्या वर्षी आम्ही एकाच आसाची, चार जणांच्या झोपण्याची सोय असलेली वापरलेली टूरिंग कॅरॅव्हॅन (कारमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर) विकत घेतली. घेताना विक्रेत्याला मी स्पष्ट विचारले होते की, चौघांच्या आठवडाभराच्या सामानासह ही मर्यादेत राहील का, आणि त्यांनी तितक्याच स्पष्टपणे "हो, कुटुंबासाठीच तर बनवली आहे" असे सांगितले होते. एक हंगाम आम्ही त्या भरवशावर फिरलो. या मे महिन्यात वेल्सला निघण्याआधी, निव्वळ कुतूहल म्हणून, वाटेतल्या सार्वजनिक वजनकाट्यावर गाडीपासून सोडवून कॅरॅव्हॅन एकटीच उभी केली, तर आकडा आला १,४४० किलो. दाराजवळच्या पाटीवर कमाल वजन, म्हणजे ज्याला इथे सगळे एमटीपीएलएम म्हणतात ते, १,३५० किलो आहे. आम्ही ९० किलोंनी, म्हणजे जवळपास पावणेसात टक्क्यांनी वर होतो.

कॅरॅव्हॅनचे 'मिरो', म्हणजे कारखान्यातून चालण्याच्या स्थितीत निघतानाचे वजन, माहितीपुस्तिकेत १,२१० किलो दिले आहे. दोहोंतला फरक १४० किलो, आणि आपण जे काही आत ठेवणार किंवा नंतर बसवून घेणार ते सगळे या १४० किलोंत बसवायचे. मला हे माहीत होते. पण "नंतर बसवून घेणार" या शब्दांकडे माझे लक्ष गेले नव्हते. आधीच्या मालकांनी बसवलेला मोटर मूव्हर (कॅरॅव्हॅन रिमोटने हलवणारे यंत्र) ३४ किलोंचा, बॅटरी २५ किलोंची (आमच्या पुस्तिकेप्रमाणे ती मिरोत धरलेली नाही) आणि गॅसची दुसरी भरलेली बाटली १५ किलोंची. इथेच ७४ किलो गेले. त्यानंतर खांबांसह ऑनिंग (बाहेरचा कापडी मांडव) ३८ किलो, पाण्याची आणि सांडपाण्याची रिकामी पिंपे ९ किलो, विजेची केबल ५ किलो, चाकाखालच्या उतरत्या पाचरी, पायरी आणि चाकाचे कुलूप मिळून १५ किलो. बेरीज करा: १४१ किलो. अजून एकही चादर, एकही भांडे आत गेलेले नाही आणि मर्यादा ओलांडून झाली!

घरी आल्यावर न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन मी उरलेले सामान एकेक करून मोजले. टेबल-खुर्च्या १७, कपडे व अंथरूण-पांघरूण २४, भांडी ११ आणि शिधा २७ किलो. शिध्याचा आकडा वाचून हसू नका. त्यात आट्याची दहा किलोंची पिशवी आहे, कारण अर्धी नेली तर उरलेल्या पिठाला पोरकिडे लागतील अशी सासूबाईंना खात्री वाटते. भांड्यांत कुकर आहे, पोळपाट-लाटणे आहे आणि लोखंडी तवा आहे. असे सगळे मिळून २२० किलो झाले. काट्याने मिरोपेक्षा २३० किलो जास्त दाखवले होते, म्हणजे १० किलोंचा हिशेब अजून लागत नाही.

माझे प्रश्न असे. वजन नेमके कुठून उतरवावे? सामान कारमध्ये हलवणे हा उपाय आहे की नुसती पळवाट? आणि मर्यादाच वाढवून घेता येते असे ऐकले आहे, ते खरे आहे का?

उसाचीगाडी

पाटीवरचा आकडा न पाहता थेट काट्यावर गेलात हे उत्तम केलेत. माझे बालपण साखर कारखान्याच्या काट्यासमोर गेले. तिथे भरलेली गाडी आत जाताना एकदा आणि रिकामी बाहेर येताना एकदा मोजतात. कॅरॅव्हॅनचेही तसेच करावे असा माझा आग्रह आहे. मिरो हा त्या प्रकारच्या कॅरॅव्हॅनचा आकडा असतो, तुमच्या कॅरॅव्हॅनचा नसतो. उत्पादनात त्याला पाच टक्क्यांपर्यंत तफावतीची मुभा धरलेली असते, आणि १,२१० चे पाच टक्के म्हणजे ६० किलो होतात. त्यामुळे एकदा पूर्ण रिकामी करून मोजा. पुढची सगळी वजाबाकी तो आकडा धरून करा.

तुमच्या हरवलेल्या १० किलोंबद्दल मात्र फार शोध घेऊ नका. मालवाहू वाहनांसाठीचे बहुतेक काटे २० किलोंच्या टप्प्याने दाखवतात. १,४४० याचा अर्थ १,४३० ते १,४५० मधले काहीही. आपल्याकडे काटामारीची तक्रार शेतकरी करतो. इथे स्वतःच्याच बाजूने काटा मारून घेण्याचा मोह होतो, एवढाच फरक!

तळेगावकर_स्लाऊ

एक शंका विचारतो. टायरवर भार निर्देशांक लिहिलेला असतो. माझ्या कॅरॅव्हॅनच्या टायरवर ९८ आहे, म्हणजे प्रत्येकी ७५० किलो, दोन्हींचे मिळून १,५०० किलो. धागाकर्तीचेही तसेच असेल तर १,४४० किलो टायर सहज पेलतील. मग अडचण फक्त कागदोपत्री आहे असे म्हणता येईल का?

चाकोरी

तळेगावकर, तसे म्हणता येणार नाही. कमाल वजन ठरवताना उत्पादक टायर, आस, ब्रेक, सांगाडा आणि जोडणी या सगळ्यांत जो दुवा सर्वांत दुबळा असेल त्याकडे पाहतो, आणि तो दुवा कोणता हे आपल्याला बाहेरून कळत नाही. शिवाय टायरचा तो आकडा नवा, पूर्ण दाबाने भरलेला टायर गृहीत धरून असतो. कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी वयाने म्हातारे होतात, कारण वर्षातले दहा महिने ती एका जागी उभी असते. म्हणून पाच वर्षांनंतर त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नये आणि सात वर्षांनंतर ते बदलूनच टाकावेत असा इथला प्रघात आहे.

कागदोपत्री म्हणाल तर तेही किरकोळ नाही. रस्त्यावर डीव्हीएसएच्या (वाहने तपासणारी इथली सरकारी संस्था) तपासणीत जादा वजन सापडले तर १० टक्क्यांच्या आत १०० पौंड, १० ते १५ टक्क्यांत २०० पौंड, त्याच्या वर ३०० पौंड दंड असतो, आणि ३० टक्क्यांपुढे प्रकरण न्यायालयात जाते. त्या जागेवरून पुढे जाण्यापूर्वी वजन उतरवावे लागते ते वेगळेच. मुलांना घेऊन सहलीला निघाल्यावर महामार्गाच्या कडेला आटा आणि ऑनिंग उतरवून ठेवण्याची वेळ कोणावर न येवो.

धुरकरी

धागाकर्तीने एकूण वजनाबद्दल विचारले आहे, पण ते वजन कॅरॅव्हॅनमध्ये कुठे ठेवले आहे याचा उल्लेख केलेला नाही. माझ्या मते तो प्रश्न अधिक गंभीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या आजोबांकडे बैलगाडी होती. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होई, म्हणजे पुढून उचलली जाई आणि जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाई. पुढे जास्त झाली तर सगळा भार बैलांच्या मानेवर येई. शहाणा गाडीवान बहुतेक ओझे आसावर ठेवून किंचितच पुढे झुकते ठेवत असे. कॅरॅव्हॅन ही याच घराण्यातली आहे. टो-बॉलवर (कारच्या मागचा, कॅरॅव्हॅन अडकवायचा गोळा) खाली येणाऱ्या भाराला इथे नोजवेट म्हणतात, आणि ते कॅरॅव्हॅनच्या प्रत्यक्ष भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावे असा संकेत आहे. १,३५० किलोंसाठी ते साधारण ६७ ते ९४ किलो होईल. पण त्यावर तीन मर्यादा असतात: कारची, टो-बारची (तो गोळा ज्यावर बसवतात तो कारचा दांडा) आणि कॅरॅव्हॅनच्या जोडणीची. या तिन्हींत जी सर्वांत कमी असेल तीच पाळायची. जोडणी १०० किलोंची आणि कार ७५ किलोंची असेल तर ७५ हेच खरे.

नोजवेट कमी पडले आणि मागच्या टोकाला वजन असले तर कॅरॅव्हॅन सापासारखी डोलू लागते. एकदा डोलायला लागली की वेगाबरोबर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. बाथ विद्यापीठात कार आणि कॅरॅव्हॅनच्या स्थैर्यावर प्रयोग झाले आहेत, त्यांतही नोजवेट आणि वजन दोन्ही टोकांना पसरलेले असणे या दोन गोष्टी कळीच्या ठरल्या. टोकाला बांधलेले २० किलो आणि आसावर ठेवलेले २० किलो काट्याला सारखेच दिसतात, पण वळताना टोकाचे वजन कॅरॅव्हॅनला थांबू देत नाही. म्हणून मागच्या भिंतीवर सायकली टांगणे मला पटत नाही, मग त्या मर्यादेत बसत असोत वा नसोत. जड सामान जमिनीवर, आसाच्या आसपास. मध्यम सामान खालच्या कपाटांत. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि कागदी बशा. कुकर वरच्या कपाटात नेणारे लोक मी पाहिले आहेत.

कधी डोलायला लागलीच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे आणि जोरात ब्रेक दाबू नये. वेग वाढवून ती ताणून सरळ करता येते ही समजूत घातक आहे.

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

धुरकरी, तुमचा प्रतिसाद वाचून आज संध्याकाळी नोजवेट मोजले. मापक नव्हते, म्हणून न्हाणीघरातल्या काट्यावर फळी ठेवून तीवर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा उभा केला, चाकांना अडण्या लावल्या, आणि जोडणी कारच्या टो-बॉलच्या उंचीला समतल ठेवून तिचा भार हळूहळू ठोकळ्यावर सोडला. आकडा आला १०४. आमच्या कारची मर्यादा ८० किलो आहे. समोरच्या खणात गॅसच्या दोन्ही बाटल्या, ऑनिंगचे सगळे लोखंडी खांब आणि चाकाचे कुलूप होते. "पुढे जड असलेले बरे" असे कोणीतरी सांगितले होते, ते आम्ही जरा जास्तच मनावर घेतले. मागच्या वर्षी कारची मागची बाजू खाली बसलेली दिसायची, तेव्हा यजमान म्हणायचे की मुले मोठी झाली!

सोनचाफा

ऑनिंगचे खांब पुढून काढून आसावर, दोन पलंगांच्या मधल्या जमिनीवर ठेवा. एवढ्या एका बदलाने आमचे नोजवेट १५ किलोंनी उतरले होते. आणि पाण्याची पिंपे रिकामीच नेता आहात ना? ४० लिटरचे पिंप भरले की ४० किलो झाले. वॉटर हीटरमध्येही दहा लिटरच्या आसपास पाणी राहते. निघताना ते सोडून द्यावे. शौचालयाची पेटीही रिकामी करूनच निघावे, हे सांगायला नको, पण सांगते.

चाकोरी

आता सामान कारमध्ये हलवण्याचा प्रश्न. ही पळवाट नाही, रास्त उपाय आहे. मात्र कारलाही मर्यादा आहे हे विसरू नये. कारच्या पाटीवर चार आकडे असतात: कारचे कमाल वजन, कार आणि कॅरॅव्हॅनचे मिळून कमाल वजन, पुढच्या आसाचे आणि मागच्या आसाचे. नोजवेट हे कारच्या वजनात धरले जाते, आणि ते थेट मागच्या आसावर बसते. चार माणसे, भरलेली डिकी आणि ८० किलोंचे नोजवेट असे सगळे मिळून मागचा आस ओलांडणे मुळीच अवघड नाही. काट्यावर फक्त मागची चाके उभी करून हा आकडा वेगळा घेता येतो. काट्यावरच्या माणसाला तसे आधी सांगितले तर तो सहसा नाही म्हणत नाही.

दुसरे, इथे ८५ टक्क्यांचा संकेत आहे: भरलेली कॅरॅव्हॅन कारच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी. हा कायदा नाही, नवख्यांसाठी कॅरॅव्हॅनधारकांच्या मोठ्या संस्थांनी दिलेला सल्ला आहे. कार उत्पादकाने दिलेली ओढण्याची मर्यादा बहुधा याहून बरीच जास्त असते, पण ती १२ टक्के चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू होते की नाही यावरून ठरवलेली असते. उतारावर, वाऱ्यात, बाजूने मोठा ट्रक गेल्यावर काय होईल याच्याशी तिचा संबंध नाही. आणि काही चढ १२ टक्क्यांचे नसतात. यॉर्कशरमधल्या सटन बँकचा घाट चारास एक असा उभा आहे आणि तिथे कॅरॅव्हॅनला बंदीच आहे. धागाकर्तीने कारचे रिकामे वजन द्यावे.

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

कारचे रिकामे वजन १,६१० किलो आहे. म्हणजे ८५ टक्के होतात १,३६८. पाटीवरच्या १,३५० ला आम्ही त्यात बसतो. पण १,४४० ला ८९ टक्क्यांवर होतो. कारचे स्वतःचे कमाल वजन २,१५० आहे.

नवाप्रवासी

मध्येच विचारतो, क्षमस्व. मी २०१५ मध्ये इथला परवाना काढला. १९९७ नंतरच्यांना कॅरॅव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा लागते असे वाचले होते. ते अजून लागू आहे का?

चाकोरी

ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून नाही. कारच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोंपर्यंतची कॅरॅव्हॅन ओढता येते. परीक्षा गेली, वजनाचे नियम राहिले.

उसाचीगाडी

मर्यादा वाढवण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आस आणि सांगाडा जास्त पेलत असेल तर पुष्कळ उत्पादक शुल्क घेऊन नवी पाटी देतात. वस्तूत काहीही बदल होत नाही. आधी विक्रीच्या सोयीसाठी मर्यादा कमी छापलेली असते, ती खऱ्या क्षमतेकडे सरकवली जाते. ही पाटी उत्पादकाकडूनच घ्यावी लागते, स्वतः छापून चिकटवता येत नाही. मात्र १,४०० ची पाटी आली तर धागाकर्तीच्या कारसाठी ती ८५ टक्क्यांच्या वर जाईल. ५० किलोंची मोकळीक मिळाली की आपण ५० किलोंचे सामान शोधतोच. त्यामुळे मी असतो तर आधी वजन उतरवले असते.

सुगरण

शिध्याचा मुद्दा मी घेते. ज्या गावाला जाता त्या गावात दूध, बटाटे, कांदे, तांदूळ सगळे मिळते. फक्त आपले मसाले आणि डाळी मिळतीलच असे नाही. त्यामुळे वाटण-मसाले, दोन किलो पीठ, एक किलो तूरडाळ आणि पोहे एवढेच घरून न्यावे. सासूबाईंच्या पोरकिड्यांवर उपाय म्हणजे उरलेले पीठ फ्रीजरमध्ये ठेवणे. लोखंडी तव्याऐवजी पातळ ॲल्युमिनियमचा न चिकटणारा तवा न्या. पोळपाट नेऊच नका. कॅरॅव्हॅनचा ओटा पुसून त्यावर पोळ्या उत्तम लाटता येतात. कुकर मात्र सोडू नका, त्याने वाचणारा गॅस त्याच्या वजनापेक्षा मोलाचा आहे.

सोनचाफा

गॅसची दुसरी बाटली तरी कशाला? तळावर विजेची जोडणी घेत असाल तर हीटर, पाणी तापवणे आणि फ्रीज विजेवर चालतात. आमची ६ किलोंची एक बाटली फक्त स्वयंपाकाला आख्खा उन्हाळा पुरते.

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी परत येत आहे. सर्वांचे सल्ले बऱ्याच अंशी अंमलात आणले. दुसरी बाटली घरी ठेवली (१५ किलो कमी). जुनी ऑनिंग एका ओळखीच्या कुटुंबाला दिली आणि १४ किलोंची, हवा भरण्याची लहान ऑनिंग घेतली (२४ कमी). शिशाच्या बॅटरीच्या जागी १२ किलोंची लिथियम बॅटरी आली (१३ कमी). ती महाग पडली हे कबूल करते, आणि आपला चार्जर तिला चालतो का हे आधी तपासावे लागते. शिधा २७ वरून ८ वर आला (१९ कमी). तवा आणि पोळपाट बाद (४ कमी). टेबल-खुर्च्या कारच्या डिकीत गेल्या (१७ कमी). एकूण ९२ किलो उतरले.

त्याच काट्यावर पुन्हा गेलो: १,३४०. नोजवेट ७६ आले. कार, चौघे जण, डिकी आणि नोजवेट धरून २,०८० झाली, मागचा आसही मर्यादेत आहे. रिकामी कॅरॅव्हॅन मात्र अजून मोजलेली नाही, हिवाळ्यात मोजू.

उसाचीगाडी

अभिनंदन. पण १,३४० म्हणजे १,३३० ते १,३५०, हे लक्षात आहे ना?

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

आहे, म्हणून केबल आणि चाकाच्या पाचरीही, मिळून ११ किलो, कारमध्ये टाकल्या. कार आता २,०९१ वर असेल, अजून ५९ किलोंची जागा आहे.

वेल्सहून परतताना पाऊस होता आणि नवी ऑनिंग ओलीच गुंडाळावी लागली. घरी येऊन मोजली तर १४ ची १९ झाली होती. शिवाय धाकट्याच्या पलंगाखाली समुद्रकिनाऱ्यावरचे गोटे सापडले, ४ किलो. ते त्याने नेमके मागच्या कोपऱ्यात ठेवले होते.

धुरकरी

उलाळ!